दहा ए-फोर कागदांवर एक सर्फबोर्ड

सर्फबोर्डची बाह्यरेषा मी कॉम्प्युटरवर काढते, पण ठरवते ती घरातल्या फरशीवर. स्क्रीनवर पाच फूट दहा इंचांचा बोर्ड वीतभर दिसतो, आणि वीतभर दिसणारी कुठलीही रेषा गोडच वाटते. तीच रेषा खऱ्या मापात छापून जमिनीवर पसरली की नाकाजवळ जरा फुगलीय, शेपटीकडे उगाच सरळ धावतेय, हे लगेच कळतं. घरच्या साध्या प्रिंटरवर पूर्ण मापाचा कागदी फर्मा कसा छापायचा हे राजोडीच्या किनाऱ्यावर सर्फिंगला भेटणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलंय. वाळूत उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझा पेशा कपड्यांचा. अंधेरीतल्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये मी पॅटर्न मास्टर आहे. दिवसभर काम एकच: चपट्या कागदावर अशी रेषा काढायची की तिच्यावरून कापलेलं कापड अंगावर नीट बसेल. आमच्याकडे कात्री लावण्याआधी फर्मा पूर्ण मापात टेबलावर येतो, मास्टर तो हाताने चाचपतो, बाहीची गोलाई मुंढ्याला लावून बघतो आणि मगच कटिंगला जातो. सर्फबोर्ड करायला घेतला तेव्हा मला याहून वेगळी कुठली पद्धत सुचलीच नाही, आणि अजूनही मला हीच बरोबर वाटते.

बोर्ड कोणता, हे आधी सांगते, कारण कागदांची सगळी मांडणी त्याच्या मापावर ठरते. विरार-नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राजोडीचा किनारा आहे, तिथे मी जाते. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आत शिरायचं नाही. पाऊस ओसरला की ज्या लाटा उरतात त्या लहान आणि बेताच्या जोराच्या. अशा लाटेवर अरुंद, टोकदार, केळ्यासारखा वाकलेला स्पर्धेतला बोर्ड बुडून बसतो. इथे हवा आखूड, रुंद आणि तळाला जवळजवळ सपाट बोर्ड. फिश म्हणतात त्याला, शेपटी माशासारखी दुभंगलेली आणि खाली दोन रुंद फिन, म्हणजे माशाच्या परांसारखे पंख. हा आकार १९६७ मध्ये सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिस याने स्वतःसाठी केला, आणि तोही गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. पुढे लोक त्यावर उभे राहू लागले. माझ्या फिशची लांबी ७० इंच, म्हणजे १७७८ मिलिमीटर. सर्वांत रुंद जागी २१ इंच. नाकाच्या टोकापासून १२ इंचांवर १६ आणि शेपटीच्या टोकापासून १२ इंचांवर साडेपंधरा. बोर्ड करणारे जगभर याच तीन जागांच्या रुंदीत बोलतात, त्यामुळे ही मापं पाठ झालेली बरी.

रेषा काढण्यासाठी बोर्डकॅड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, शेपथ्रीडीचीही मोफत आवृत्ती मिळते. त्यात बाह्यरेषेसोबत जाडी आणि तळाचा वाक एकत्र दिसतो, नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी. मी मात्र इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते, कारण माझा हात त्यावर बसलाय. त्यातल्या वक्ररेषा बेझिए पद्धतीच्या असतात. ही पद्धत फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांतून आली. १९५९ मध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो याने तिचं गणित मांडलं, आणि रेनोमधल्या पिएर बेझिए याने ती १९६० च्या दशकात जगापुढे आणली, म्हणून नाव त्याचं लागलं. गाडीच्या पत्र्याची गोलाई मोजक्या बिंदूंनी सांगता यावी हा तिचा हेतू. तो हेतू लक्षात ठेवायचा आणि बिंदू कमीत कमी ठेवायचे. अर्ध्या बोर्डाच्या रेषेला मी टोकाचे दोन आणि सर्वांत रुंद जागेवरचा एक असे तीनच बिंदू देते, फार तर शेपटीजवळ आणखी एक. प्रत्येक जादा बिंदू म्हणजे रेषेला गचका बसण्याची एक जादा जागा.

आणि छापायचा तो अर्धाच बोर्ड. मधोमध सरळ रेष, तिच्या एका बाजूची गोलाई. बोर्ड ज्यातून कापायचा त्या फोमच्या, म्हणजे थर्मोकोलच्या, ठोकळ्यावर हा अर्धा फर्मा मधल्या रेषेवर ठेवून एक बाजू आखायची, मग तोच उलटा करून दुसरी. दोन्ही बाजू एकाच फर्म्यातून येतात म्हणून सारख्या होतात. पूर्ण बोर्ड छापला तर कागद दुप्पट, आणि डावी-उजवी बाजू सारखी येईल याची खात्री नाही.

आता कागद. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. घरगुती प्रिंटर कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारी बाजूंनी १० मिलिमीटर सोडून १९० बाय २७७ एवढीच जागा धरावी. साधारण सगळेजण कागद आडवा धरून बोर्डाच्या लांबीत ओळीने मांडतात, कारण तसे कागद कमी लागतील असं वाटतं. करून बघा: माझ्या फिशची अर्धी रुंदी २६७ मिलिमीटर, आडव्या कागदाची छापायची उंची १९०. एका ओळीत मावत नाही, दोन ओळी कराव्या लागतात. सात-सात असे चौदा कागद होतात आणि वर बोर्डाच्या लांबीभर एक जोड येतो, तोही नेमका गोलाईला कापत जाणारा. कागद उभा धरला तर उंची २७७, त्यात २६७ बसतात. एकच ओळ. शेजारच्या कागदावर १० मिलिमीटर चढवले तर प्रत्येक कागदाने १८० मिलिमीटर लांबी पुढे सरकते, दहा कागदांत १८०० होतात. बोर्ड १७७८. बसला. दहा कागद, नऊ जोड, आणि सगळे जोड मधल्या रेषेला काटकोनात. बोर्डाची रुंदी साडेएकवीस इंचांच्या पुढे गेली की ही सोय संपते. मग एक तर दोन ओळी करा, नाही तर ए-थ्री प्रिंटर असलेला मित्र शोधा.

कागदांचे तुकडे पाडायला खास काही लागत नाही. पूर्ण मापाची पीडीएफ तयार करायची आणि ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘पोस्टर’ हा पर्याय निवडायचा. तिथे प्रमाण १०० टक्के, ओव्हरलॅप १० मिलिमीटर आणि कापण्याच्या खुणा चालू. तुकड्यांची हद्द मात्र रीडर आपल्या हिशेबाने ठरवतो. म्हणून मी इंकस्केपमध्येच दहा चौकटी आखून घेते, प्रत्येकीवर क्रमांक आणि नाकाकडचा बाण टाकते आणि एकेक पान वेगळं काढते. वेळ जरा जास्त जातो, पण जोड कुठे यावा हे माझ्या हातात राहतं. रुंद जागेवर जोड येऊ देत नाही.

प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ किंवा ‘पानात बसवा’ असं काही दिसलं की ते आधी बंद करायचं. ते चालू राहिलं तर चित्र साधारण ९७ टक्क्यांवर येतं आणि एकेका कागदाकडे बघून ते अजिबात कळत नाही. जोडल्यावर १७७८ चे १७२५ भरतात, म्हणजे दोन इंचांहून जास्त लांबी गेलेली असते. जुनी फाइल कुणाकडून मिळाली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. इंकस्केपने २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुन्या हिशेबाची फाइल नीट न बदलता उघडली तर तोच बोर्ड १६६७ मिलिमीटरचा होतो. मला पाठवलेली कुठलीही फाइल मी आधी लांबी मोजूनच पुढे वापरते.

मोजपट्टी प्रत्येक पानावर छापायचीच. बरेच जण एका कोपऱ्यात पाच सेंटिमीटरचा चौकोन टाकतात, तो पुरत नाही. पाच सेंटिमीटरमध्ये पाव मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसत नाही, पण बोर्डाच्या लांबीत ती नऊ मिलिमीटर होते. माझ्या पानावर दोन रेषा असतात, एक उभी २५० मिलिमीटरची आणि एक आडवी १८० ची. दोन्ही दिशा वेगळ्या मोजायच्या, कारण इंकजेट प्रिंटरमध्ये एका दिशेला हेड सरकतं आणि दुसऱ्या दिशेला रोलर कागद ओढतो. दोघांची चूक सारखी नसते. बहुतेक वेळा ओढण्याच्या दिशेत फरक पडतो. तो सगळीकडे सारखा असेल तर फाइलमध्येच तेवढं ताणून घेता येतं. मोजायला स्टीलची फूटपट्टी घ्या, शाळेच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची नको. आणि उभ्या रेषा दुहेरी छापल्यासारख्या दिसल्या तर आधी प्रिंटरचं हेड अलाइनमेंट करून घ्या. रेषेची जाडी पाव मिलिमीटर, फक्त काळी शाई. जाड रेष छापली की कापताना आत कापायचं की बाहेर, हा प्रश्न पडतो.

मुंबईत यापुढचा मुद्दा हवेचा आहे. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा नाही. कापडाला जसा उभा आणि आडवा धागा असतो, तशी कागदातल्या तंतूंनाही दिशा असते. तंतूंच्या लांबीत कागद फारसा हलत नाही, आडव्या अंगाने जास्त हलतो. बाजारातल्या बहुतेक ए-फोर रीममध्ये तंतू लांब बाजूला समांतर असतात. म्हणजे माझ्या मांडणीत कागद रुंदीच्या दिशेने स्थिर राहतो आणि बोर्डाच्या लांबीच्या दिशेने थोडा सरकतो. मला ते चालतं. बोर्ड लांबीला दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर पाण्याला कळत नाही, रुंदीतली गोलाई बिघडली तर कळते. तुमच्या रीमचे तंतू कुठे आहेत हे बघायचं असेल तर कागदाचा छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळला जातो, तीच तंतूंची दिशा. लेझर प्रिंटरमधून कागद तापून, सुकून बाहेर येतो आणि मग घरातली ओल पिऊन पुन्हा वाढतो, म्हणून लेझरची पानं तासभर पंख्याखाली पसरून ठेवायची आणि मग मोजायची. जुलैत तर मी रीम उघडल्या उघडल्या वापरत नाही. आणि दहाही पानं एकाच रीममधून, एकाच बैठकीत छापायची, त्याच दिवशी जोडायची. चार पानं आज आणि सहा रविवारी असं केलं की जोडावर रेषा जुळत नाहीत.

जोडताना फेविकॉल नको. त्यात पाणी असतं, कागद लगेच फुगून लाटा मारतो. ग्लू स्टिक चालते, त्याहून बरा कागदी मास्किंग टेप, कारण तो उचलून पुन्हा लावता येतो. प्रत्येक कागदाची एकच बाजू कापायची, दुसरीवर पुढचा कागद चढतो. कापायला कात्री नको, स्टीलची पट्टी आणि कटर घ्या.

खरी कसोटी मधल्या रेषेची. समजा प्रत्येक जोडावर कागद अगदी किंचित तिरपा बसला, वरच्या कडेला अर्धा मिलिमीटर. डोळ्याला ते जाणवतही नाही. पण तिरपेपणा दर जोडाला वाढत जातो, आणि नऊ जोड एकाच बाजूला कलले तर दहाव्या कागदाच्या टोकाशी मधली रेष जागेवरून जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकलेली असते. असा वाकडा फर्मा उलटा करून दुसरी बाजू आखली की बोर्ड नाकाशी नको तितका रुंद किंवा नको तितका अरुंद होतो. म्हणून एक कागद दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला असं बघत जोडायचंच नाही. आधी जमिनीवर सरळ रेष पक्की करायची आणि प्रत्येक कागद त्या रेषेला स्वतंत्रपणे जुळवायचा.

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फरश्या आहेत, ६०० मिलिमीटरच्या. तीन फरश्यांत १८०० होतात, बोर्ड बरोबर त्यात मावतो. पण फरशीच्या फटीवर विसंबू नका, बसवणाऱ्याने ती किती सरळ बसवलीय कोण जाणे. मी दोन टोकांना टेप लावून शिवणाचा काळा धागा ताणते. दोन टोकांमध्ये ताणलेला धागा सरळच असतो, त्याला दुसरा पर्याय नाही. मग प्रत्येक कागदावरची मधली रेष धाग्याखाली आणायची, शेजारच्या कागदावरची जोडखूण जुळवायची, आणि दोन्ही जमलं की टेप. हे करताना पंखा बंद. आईला मी आधीच सांगून ठेवते की तासभर हॉलमधून जायचं असेल तर भिंतीकडेने जा. ती जाते, आणि जाताना एखादं मत देऊन जाते.

आता फर्मा जमिनीवर आहे, पूर्ण मापाचा, आणि इथूनच कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. घाई करून तो लगेच कापू नका.

आधी अर्ध्याचा पूर्ण करून बघा. माझ्याकडे कपाटाच्या दाराचा जुना उभा आरसा आहे, तो मधल्या रेषेवर काटकोनात उभा धरला की दुसरी बाजू आरशात दिसते. अचानक अख्खा बोर्ड समोर येतो. नाक किती रुंद, शेपटीची दोन टोकं किती लांब, सर्वांत रुंद जागा छातीखाली येईल की पोटाखाली, हे सगळं त्या क्षणी दिसतं. आरसा नसेल तर खाकी कागदाच्या रोलवर दोन्ही बाजू गिरवून घ्या. अब्दुल रहमान स्ट्रीटवर असा रोल मिळतो, पॅटर्नच्या कामालाही आम्ही तोच वापरतो.

मग खाली वाका. गाल जमिनीला लागेल इतकं खाली, आणि नाकाच्या टोकाकडून एक डोळा मिटून रेषेच्या लांबीत बघा. वरून जी रेषा गुळगुळीत वाटते तिच्यातला प्रत्येक गचका या कोनातून उघडा पडतो, कारण पावणेसहा फुटांची लांबी डोळ्यासमोर वीतभर होते आणि वाक तेवढाच राहतो. सुतार पट्टीची धार अशीच बघतात. आमच्या इमारतीत कणकवलीकडचे एक सुतारकाका आहेत, त्यांना मी हमखास बोलावते. सर्फबोर्ड या प्रकाराशी त्यांचा काही संबंध नाही. ते आले, उकिडवे बसले, मान तिरपी केली आणि शेपटीपासून फूटभर अंतरावर बोट ठेवून म्हणाले, “इथं बघ गो, इथं रेषेला पोट आलंय.” मी फाइल उघडून बघितली. बेझिएचा चौथा बिंदू बरोबर तिथेच होता, आणि त्याचे दोन हात, म्हणजे बिंदूपासून निघून वाक ठरवणाऱ्या रेषा, किंचित वेगळ्या दिशांना. स्क्रीनवर मोठं करून बघितल्यावरही ते पोट मला आधी दिसलं नव्हतं, कारण मोठं केलं की आजूबाजूची रेष दिसेनाशी होते. फरशीवर सगळी रेष एकदम डोळ्यात येते. बिंदू काढून टाकला, त्या बाजूची तीन पानं पुन्हा छापली, टेप उचलून बदलली. कागदांचे आणि शाईचे मिळून दोन वडापावचेही पैसे लागले नसतील.

यासाठीच मी घरी छापते. फोर्टात प्लॉटिंगची दुकानं आहेत, ३६ इंची रोलवर अख्खा फर्मा एका कागदात निघतो, एकही जोड नाही. दिसायला तो फार देखणा असतो. पण प्लॉट हातात आला की माणूस तो अंतिम धरतो. घरी आणून पसरल्यावर पोट दिसलं तर परत दहिसरहून फोर्टला जायचं, परत पैसे द्यायचे, आणि मग मन म्हणायला लागतं की चालेल एवढं. ‘चालेल’ म्हटलं की तो बोर्ड गेला. शिवाय दुकानातही ‘फिट’चा प्रश्न सुटत नाहीच. एका दुकानातून आलेला माझा प्लॉट लांबीला कमी भरला, आणि मोजून दाखवल्यावर “मॅडम, थोडा कमीजास्त होतोच” असं उत्तर मिळालं. रेषा पूर्ण पक्की झाल्यावर, एकदाच, प्लॉट काढायला हरकत नाही. तेव्हाही मोजायची टेप बरोबर न्या आणि काउंटरवरच मोजा.

खऱ्या मापात रेषा उतरवून मगच लाकूड कापायची ही शिस्त या शहराला नवी नाही. वाडियांच्या हातून मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये मलबारी सागवानाचं ‘त्रिंकोमाली’ हे युद्धजहाज तयार झालं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याचे आराखडे इंग्लंडहून यायचे होते. पहिला संच ‘जावा’ नावाच्या जहाजावर होता, ते डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत संपलं, आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. लहान कागदावरच्या त्या रेषा पूर्ण मापात मांडल्याशिवाय एकही फासळी कापता येत नाही. जहाजबांधणीत त्यासाठी मोठ्या सपाट जमिनीवर लवचीक पट्ट्या वाकवून रेषा आखतात. सर्फबोर्डवालेही कागदावर छापायच्या आधी लवचीक पट्टीच वापरायचे, आणि कितीतरी जण अजून वापरतात. घरात सनमायकाची पाव इंची पट्टी असेल तर छापलेल्या रेषेवर ती वाकवून उभी धरा. पट्टी आपणहून जिथे जायला बघते आणि रेष जिथे नाही, ती जागा पुन्हा तपासायची.

रेष पटली की कागद कडक पत्र्यासारख्या कशावर तरी चढवायचा. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड चालतो. आठ बाय चारच्या एका शीटमधून फूटभर रुंदीच्या चार लांब पट्ट्या निघतात, म्हणजे चार फर्मे. पण हार्डबोर्डही ओल पितो आणि कडा फुलतात, त्यामुळे कडांना व्हार्निशचे दोन हात द्यावे लागतात. मला सनबोर्ड जास्त आवडतो, फलक बनवणारे वापरतात तो, तीन मिलिमीटरचा. त्याला पावसाळ्याचं काही वाटत नाही, कटरने कापला जातो आणि बॅनरवाल्यांकडे लांब उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कागद स्प्रे गमने चिकटवायचा, मध्यावरून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे हात फिरवत. चिकटवण्याआधी सनबोर्डवरही सरळ रेष आखून ठेवा आणि कागदाची मधली रेष तिच्यावरच बसवा. कापताना रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापायचं, उरलेलं लांब सपाट लाकडी पट्टीला पॉलिश पेपर लावून घासत आणायचं. पट्टी जितकी लांब तितकी कड चांगली. बोटात धरलेल्या पॉलिश पेपरने कडेला खळगे पडतात.

बाजूने दिसणाऱ्या वाकाचा, रॉकरचा, फर्माही असाच छापता येतो. तो उंचीला कमी असल्यामुळे आडव्या सात पानांत एका ओळीत येतो. पण तिथे जोडात जास्त काटेकोर राहा. बाह्यरेषेत दोन मिलिमीटर चुकले तर घासून सावरता येतात, तळाच्या वाकात तेवढाच फरक पडला तर बोर्ड लाटेवर वेगळाच वागतो. रॉकरचे दोन सारखे फर्मे लागतात, थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि त्यांच्या कडेवरून तापलेली निक्रोमची तार ओढत न्यायची. हे काम मी गिरगावातल्या एका दादांकडून करून घेते. मखरं कापण्यात त्यांची उमर गेली. थर्मोकोलवरच्या २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचं काम पुठ्ठ्यावर गेलं, पण तार आणि हात दोन्ही त्यांच्याकडे आहेत. तार कुठेही थांबू न देता एका दमात कशी न्यायची हे त्यांना सांगावं लागत नाही. थांबली की तिथे खाच वितळते. ठोकळा मात्र पॅकिंगचा हलका नको, घनमीटरला २५ ते ३० किलो भरेल असा सांगून घ्यावा. आणि वर रेझिन चढवायचं ते इपॉक्सीच. पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्मोकोलच विरघळून जातं.

फर्मा भिंतीवर टांगण्याआधी त्यावर मार्करने लिहून ठेवा: लांबी, तिन्ही रुंदी, नाकाकडचा बाण, कुठल्या फाइलमधून छापला आणि कधी. नाकाजवळ भोक पाडून खिळ्याला लावा. भिंतीला नुसता टेकवून ठेवला की सनबोर्डही महिन्याभरात वाकतो. मूळ कागद मी ठेवत नाही, पुढच्या पावसाळ्यात त्याचं माप बदललेलं असतं.

फिनचा फर्मा एका ए-फोरमध्ये मावतो. फिशच्या रुंद फिनचा, म्हणजे कील फिनचा, पाया साधारण नऊ इंचांचा, म्हणजे कागद आडवा धरला की जागा उरते, जोडाची भानगड नाही. त्याच्याही कडेला २५० आणि १८० च्या रेषा छापते. प्लाय कापायला काकांकडे देण्याआधी ते स्वतःची पट्टी लावून त्या मोजतात, मग करवत उचलतात.